जमिनीखाली धन, चुलीवर रिकामं भांडं

(तालुका शिबिरात तरुण कार्यकर्त्यांच्या गटाच्या वतीनं केलेलं भाषण. ज्या पाड्यांवरची माणसं शिबिराला येऊ शकली नाहीत, त्यांनी रात्रीच्या बैठकीत हे मोठ्यानं वाचून घ्यावं.)



आम्हाला 'खाण, पैसा आणि विकास' या विषयावर बोलायला सांगितलंय. आम्ही काही प्रोफेसर नाही. आमच्या गटात सगळ्यात जास्त शिकलेला बारावीपर्यंत गेलाय. पण गेले दोन महिने आम्ही वाचलं, जाणकारांना विचारलं, एकमेकांशी भांडलो, आणि जे समजलं ते तुमच्यापुढं ठेवतोय.

हा विषय आत्ता का, ते तुम्हाला माहीत आहे. आपल्या काही पाड्यांच्या डोंगरावर दगडखाण आणि खडीचं क्रशर टाकायची बोलणी चालू आहेत. पार्टीचा माणूस जीप घेऊन येतो. पोरांना कामाचं सांगतो, समाजमंदिराला पत्रे देतो म्हणतो, रस्ता करून देतो म्हणतो. पाड्यात दोन तट पडलेत. एक म्हणतो, "डोंगरात दगडच हायेत, देऊन टाकू." दुसरा म्हणतो, "डोंगर गेला तर गुरं कुठं चारायची?" आणि आम्हाला विचारतात, "पोरांना काम भेटंल, तर तुम्ही संघटनावाले आडवे का पडता?"

हा प्रश्न खरा आहे. त्याची टिंगल करून चालणार नाही. आपला भात चार-सहा महिने पुरतो. मग दिवाळी झाली की वीटभट्टी, रेतीबंदर, मिळेल ते काम. लेकरं शाळेतून काढून बरोबर न्यावी लागतात. अशा माणसाला कोणी म्हटलं की काम तुझ्या दारात आणतो, तर तो ऐकणारच.

म्हणून आम्ही उलटीकडून सुरुवात केली. आम्ही असं शोधलं की ज्या देशांच्या जमिनीखाली खूप धन निघालं, त्या देशांतली माणसं सुखी झाली का? कारण पार्टीचा माणूस जे तुमच्या पाड्याला सांगतो, तेच मोठमोठ्या कंपन्या आणि सरकारं अख्ख्या देशांना सांगत आलीत.

पहिला देश नाउरू. प्रशांत महासागरातलं एक बेट. सगळा देश 21 चौरस किलोमीटरचा, म्हणजे आपल्या दोन-तीन मोठ्या गावांच्या शिवाराएवढा. माणसं दहा हजाराच्या आसपास. नारळ आणि मासे यांच्यावर जगणारी. 1900 च्या सुमारास गोऱ्यांना कळलं की या बेटावर फॉस्फेट आहे. आपण सुपर फॉस्फेटची गोणी आणतो ना, त्या खताचा हा कच्चा माल. आधी तिथं जर्मनांचं राज्य होतं. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांचा कारभार आला. खड्डे पडायचे नाउरूत आणि पीक यायचं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या शेतात.

1968 ला नाउरू स्वतंत्र झाला. दोन वर्षांत खाणी नाउरूच्या स्वतःच्या हातात आल्या. इथपर्यंत गोष्ट चांगली वाटते. एका काळी माणशी उत्पन्नात नाउरू जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशांत गणला जायचा. कर नाही, दवाखाना फुकट, शाळा फुकट. देशाची स्वतःची विमानं. ऑस्ट्रेलियात मेलबर्न शहरात नाउरूनं 52 मजली इमारत बांधली. खाणीत राबायला बाहेरच्या बेटांवरून आणि चीनमधून मजूर आणायचे. मासेमारी मागं पडली. तांदूळ जहाजातून, मांस डब्यातून. आज साखरेचा आजार म्हणजे मधुमेह जगात सगळ्यात जास्त असणाऱ्या देशांत नाउरूचं नाव आहे.

पैसा सांभाळायला ट्रस्ट होता. पण ट्रस्टचा पैसा परदेशातल्या इमारतींत, हॉटेलांत घातला, सल्ला देणाऱ्यांनी खाल्ला. 1993 ला लंडनमध्ये एका नाटकात पैसा घातला, तेही पडलं. आणि आता फॉस्फेट संपत आलंय. बेटाचा पाचातला चार भाग खणून झालाय. वरची माती गेली, खाली चुनखडीचे सुळके उभे आहेत, दातांसारखे. तिथं नांगर चालत नाही, झाड लागत नाही. माणसं समुद्रकाठच्या पट्टीवर दाटीनं राहतात. स्वातंत्र्याआधी जी जमीन खराब केली तिच्या भरपाईसाठी नाउरूनं 1989 ला ऑस्ट्रेलियाला आंतरराष्ट्रीय कोर्टात खेचलं. 1993 ला तडजोड झाली आणि ऑस्ट्रेलियानं 10 कोटी 70 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर द्यायचं कबूल केलं. पैसे मिळाले. माती नाही मिळाली.

इथं एक गोष्ट नीट बघा. नाउरूला फक्त परक्यांनी लुटलं असं म्हणून आपण मोकळे होऊ शकत नाही. 1968 नंतर राज्य त्यांच्याच माणसांचं होतं. पण दगड एकदाच विकला जातो. तो परत उगवत नाही. त्याचा पैसा म्हणजे बियाणं होतं, आणि बियाणं शिजवून खाल्लं. मग पुढच्या पावसाला पेरायचं काय?

दुसरा देश नायजेरिया, आफ्रिकेतला. 1956 ला ओलोइबिरी नावाच्या गावाजवळ तेल लागलं. नायजर नदी समुद्राला मिळते तिथला हा प्रदेश. खाडी, खाजण, मासे, चिंबोऱ्या. दोन वर्षांत तेलाची जहाजं परदेशी जायला लागली. पुढं तिथल्या विहिरी आटल्या, कंपनी दुसरीकडं गेली. ज्या गावानं देशाला पहिलं तेल दिलं ते गाव गरीबच राहिलं.

नायजेरियाच्या उत्तरेला कानो नावाचं शहर आहे. तिथं भुईमुगाच्या पोत्यांचे डोंगर रचलेले असायचे, लांबून दिसायचे. तो देश भुईमूग, पामतेल, कोको विकून कमवत होता. ही सगळी कमाई शेतकऱ्याच्या हातातून जायची. तेल आल्यावर हे डोंगर बसत गेले. 1990 च्या दशकात त्या देशाची बाहेरच्या विक्रीतली 90 टक्क्यांहून जास्त कमाई तेलाची होती. खायचं धान्य बाहेरून येतं.

त्याच खाडीच्या भागात ओगोनी नावाचे लोक राहतात, तेव्हा पाच लाखांच्या आसपास होते. त्यांच्या शेतांतून तेलाचे पाइप गेले. पाइप फुटले की तेल शेतात आणि ओढ्यात. तेलाबरोबर निघणारा गॅस तिथंच जाळायचे, रात्रंदिवस. 1990 ला ओगोनींनी आपल्या मागण्यांचा जाहीरनामा काढला. आमची जमीन आमच्या नावानं ओळखा, आमच्या तेलातला वाटा द्या, आमचा कारभार आम्हाला करू द्या. 4 जानेवारी 1993 ला जवळपास तीन लाख ओगोनी मोर्चाला आले. पाच लाखांतले तीन लाख! त्याच वर्षी शेल कंपनीला तिथलं काम बंद करावं लागलं. मग लष्कर गावांवर सोडलं. त्यांचे पुढारी, लेखक केन सारो-विवा आणि आणखी आठ जण यांना लष्करी सरकारनं खटला चालवून 10 नोव्हेंबर 1995 ला फाशी दिलं. सगळ्या जगानं विनवण्या केल्या तरी.

आता जाणती माणसं विचारतील, धन आल्यावर असं उलटं का व्हावं? सावकाराच्या घरी धन आलं तर तो गरीब होत नाही. आम्हीही हेच विचारलं. तीन कारणं कळली.

पहिलं. तेल विकून परदेशी पैसा भसाभस आला की त्या देशाचं चलन महाग होतं. मग बाहेरचा माल देशात स्वस्त पडतो आणि देशातला शेतमाल बाहेर महाग पडतो. शेतकऱ्याचा भुईमूग कोण घेणार? तो नांगर टाकून शहराकडं जातो. हॉलंडमध्ये 1959 ला गॅस सापडला आणि पुढं त्यांच्या कारखान्यांना असाच फटका बसला. म्हणून या आजाराला 'डच रोग' म्हणतात. पाड्यावर बघा. सगळी तरणी पोरं क्रशरवर गेली तर आवणीला कोण? बांध कोण घालणार? चार वर्षांनी क्रशर उठलं की बांध फुटलेले आणि बैल विकलेले.

दुसरं कारण भावाचं. 1973 च्या शेवटी तेलाचा भाव काही महिन्यांत 3 डॉलरवरून 11-12 डॉलरवर गेला. तेलवाल्या सरकारांना वाटलं हे कायमचंच. त्यांनी मोठमोठी कामं काढली, वर कर्जं काढली. 1986 ला भाव निम्म्यावर आला. कमाई गेली, कर्ज राहिलं. मोहाला एक वर्ष चांगला भाव मिळाला म्हणून लग्नाला दुप्पट कर्ज काढायचं, आणि पुढच्या वर्षी मोह गळालाच नाही, तसं.

तिसरं कारण आम्हाला सगळ्यात मोठं वाटतं. जे सरकार लोकांच्या करावर चालतं, त्याला कधी ना कधी लोकांना हिशोब द्यावा लागतो. ज्या सरकारचं पोट तेलावर भरतं, त्याला लोकांची गरजच नाही. त्याला फक्त तेलाची विहीर आणि विहिरीभोवती बंदूक पाहिजे. ओगोनींचं तेल हवं होतं, ओगोनी नको होते.

म्हणजे जमिनीखालचं धन हाच शाप आहे का? तसंही नाही. नाहीतर आम्ही तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली असं होईल.

आफ्रिकेतच बोट्स्वाना आहे. 1966 ला स्वतंत्र झाला तेव्हा जगातल्या सगळ्यात गरीब देशांत होता. अख्ख्या देशात डांबरी रस्ता दहा-बारा किलोमीटर. पुढच्याच वर्षी तिथं हिरे सापडले. त्यांचा पहिला राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा. हिरे त्याच्याच जमातीच्या मुलखात निघाले. पण त्याआधीच ठरलं होतं की जमिनीखालचं धन कुठल्या एका टोळीचं, एका राजाचं नाही, सगळ्या देशाचं. मग कंपनीशी बसून भांडले. सुरुवातीला सरकारचा वाटा 15 टक्के होता, तो 1975 ला निम्म्यावर आणला. त्या पैशातून शाळा, दवाखाने, रस्ते झाले आणि काही पैसा मागं ठेवला. तीस वर्षं या देशाची कमाई जगातल्या कुठल्याही देशापेक्षा वेगानं वाढली.

युरोपातल्या नॉर्वेला 1969 ला समुद्रात तेल लागलं. तिथं आधीपासून पार्लमेंट होतं, शिकलेली माणसं होती, मजबूत कामगार संघटना होत्या. त्यांनी सरकारी तेल कंपनी काढली, कंपन्यांच्या नफ्यावर भारी कर लावला. 1990 ला कायदा करून तेलाच्या पैशाचा वेगळा निधी केला, अजून जन्मायच्या लेकरांसाठी. 1996 पासून त्यात पैसा पडायला लागलाय.

मग फरक कशात? नाउरूचं फॉस्फेट वाईट आणि नॉर्वेचं तेल चांगलं असं काही नाही. खणायच्या आधी कोण बोललं, हिशोब कोणी ठेवला आणि संपल्यावर काय उरणार याचा विचार केला का, फरक एवढाच.

पण बोट्स्वानाची गोष्ट इथं संपत नाही, आणि आपल्यासाठी पुढचा भाग महत्त्वाचा आहे. त्या देशाच्या मधोमध कालाहारीचं मोठं राखीव रान आहे. तिथं सान लोक राहतात, ज्यांना बाहेरचे बुशमन म्हणतात. शिकार करणारे, कंदमुळं काढणारे, त्या मुलखाचे सगळ्यात जुने रहिवासी. 1997 ला सरकारनं त्यांना रानातून उठवून बाहेरच्या वस्तीत नेऊन बसवायला सुरुवात केली. सरकार म्हणालं, जनावरांच्या रक्षणासाठी, तुमच्याच विकासासाठी. त्याच रानाच्या पोटात हिरे आहेत हेही सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे देशाचं भलं झालं तरी रानातल्या माणसाचं भलं होतंच असं नाही. 'देशाचा विकास' हा शब्द ऐकला की आपण लगेच विचारायचं, देशात आम्ही धरलोय का?

आपल्याला हे कोणी शिकवायला नको. आपण नाउरूपेक्षा जुने आहोत. इंग्रजांनी रेल्वेच्या स्लीपरला आणि मुंबईच्या घरांना आपल्या रानातला साग नेला. स्वातंत्र्यानंतर कूप चालूच राहिले. साग तोडायला आपण, मालक दुसरे, आणि आपल्याच एकसाली प्लॉटवर आपण 'अतिक्रमणवाले'. पाणी बघा. तानसा धरण 1892 चं. त्यानंतर वैतरणा, मग भातसा. मुंबई आपल्या डोंगरांचं पाणी पिते. आणि एप्रिल लागला की त्याच धरणांच्या आसपासच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन टँकरची वाट बघतात. 1992 ला जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणानं लेकरं मेली. रान होतं, डोंगर होता, नदी होती. धन होतं. लेकरं मेली.

आता दगडावर येऊ. दगड ब्रासवर मोजतात. दर ब्रासला रॉयल्टी सरकारजमा होते. किती ब्रास गेले हे पावतीवर असतं. पण डंपर रात्री गेला तर पावती कोण बघतो? काम भेटंल म्हणतात, पण मशीन चालवणारा, सुरुंग लावणारा, मुकादम, ड्रायव्हर बहुतेक बाहेरून येणार. आपल्या वाट्याला दगड भरायचं आणि धूळ खायचं काम. नाउरूत तरी मालक नाउरूचे होते.

कायदा काय म्हणतो? डिसेंबर 1996 ला दिल्लीत पेसा कायदा झाला. पाचव्या अनुसूचीच्या भागासाठी, म्हणजे आपल्यासाठी. त्यात दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, गाव म्हणजे फक्त महसुली गाव नाही, वस्ती किंवा पाडासुद्धा गाव होऊ शकतो, त्याची स्वतःची ग्रामसभा होऊ शकते. दोन, गौण खनिजाची, म्हणजे दगड-मुरुमाची खाण द्यायच्या आधी ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची शिफारस लागते. हा 'किंवा' फार वाईट आहे. पार्टी या 'किंवा'तूनच आत शिरणार. पाडा टाळून चार मेंबरांना गाठणार. म्हणून आपण 'किंवा' बंद करायचा. पाडा बसल्याशिवाय कुठल्याही मेंबरानं सही करायची नाही, हे आधीच ठरवून टाकायचं.

दुसरी गोष्ट. जुलै 1997 ला सुप्रीम कोर्टानं आंध्रातल्या 'समता' संघटनेच्या केसमध्ये निकाल दिला. विशाखापट्टणम जिल्ह्यातल्या आदिवासी भागात सरकारनं खाजगी लोकांना खाणी दिल्या होत्या. कोर्ट म्हणालं, अनुसूचित भागातली जमीन सरकारसुद्धा बिगर-आदिवासी खाजगी पार्टीला खाणीसाठी देऊ शकत नाही. सरकारी महामंडळ किंवा आदिवासींची सहकारी सोसायटी खाण चालवू शकते. आणि नफ्यातला कमीत कमी 20 टक्के भाग तिथल्या पाणी, शाळा, दवाखाना, रस्ता यांसाठी बाजूला ठेवायचा. हा निकाल आंध्रच्या जमीन कायद्यावर उभा आहे, आपल्याकडं तो आपोआप लागत नाही. पण उद्या तहसीलदार म्हणाला की असं कुठं असतं का, तर सांगता येतं, असतं, सुप्रीम कोर्टानं म्हटलंय.

आम्ही तुम्हाला 'नाही म्हणा' असं सांगायला उभे नाही. तो निर्णय पाड्याचा. आम्ही एवढंच म्हणतो की अंगठा उठवायच्या आधी पार्टीला सगळ्यांसमोर बसवून विचारा:

1. खाण किती एकरावर, किती वर्षं? नकाशा दाखवा. त्यात दळी, एकसाली प्लॉट, गावदेवीची जागा, झरा येतो का?

2. काम किती जणांना, काय मजुरी, किती दिवस? कागदावर लिहून द्या. हातपाय गेला तर भरपाई कोण देणार?

3. दर दिवसाला किती ब्रास गेले याची वही पाड्याकडं राहील का? आपली शिकलेली पोरगी नाक्यावर बसून डंपर मोजेल, चालेल का?

4. पैसा कुणाकडं येणार? समाजमंदिराचे पत्रे ही किंमत आहे की लाच?

5. दगड संपल्यावर तिथं काय राहणार? त्या डोंगरावरून दरवर्षी किती गवत, किती मोह, किती सरपण, किती कंद-भाजी येते ते आधी आपण मोजलंय का?

हा शेवटचा हिशोब आपला आपण करायचा. एका घराला त्या डोंगरातून वर्षाला काय मिळतं ते बायांना विचारा, पुरुषांना माहीत नसतं. भारे मोजा, टोपल्या मोजा. मग दगडाच्या मजुरीशी लावून बघा. एक कमाई दरवर्षी येणारी, दुसरी एकदाच. हे आकडे पाड्याच्या वहीत आले पाहिजेत, म्हणजे साहेबापुढं तोंडानं भांडावं लागत नाही.

म्हणून येत्या 1 मेच्या ग्रामसभेआधी प्रत्येक पाड्यानं तीन कामं करावी. पाड्याची बैठक, बाया निम्म्या असल्याशिवाय सुरू करायची नाही. डोंगराचा हिशोब वहीत. आणि ठराव, की पाडासभेला विचारल्याशिवाय खाणीची कुठलीही शिफारस जाणार नाही, कोऱ्या कागदावर कोणी सही-अंगठा करणार नाही. ठरावाची एक नक्कल तहसील कचेरीत देऊन पोच घ्या, एक संघटनेच्या कार्यालयात ठेवा. लिहायला मदत लागली तर आम्ही येऊ, रात्री कितीही वाजले तरी.

1945 ला आपल्या आज्यांनी वेठ मोडली. तेव्हा त्यांच्याकडं कायदा नव्हता, वही नव्हती, बारावी झालेला कोणी नव्हता. फक्त एकत्र बसून ठरवलं होतं की उद्यापासून मालकाच्या शेतावर फुकट जायचं नाही. आपल्याकडं त्याहून जास्त आहे. ठरवायचं तेवढं बाकी आहे.

जंगल-जमीन कोणाची? आमची! हिशोब कोण ठेवणार? आम्ही!

जिंदाबाद!